पुढच्या सस्पेन्शनचा ‘खट्’ आवाज: शोधायचा कसा?

पुढचे शॉकअप बदलून झाले, लिंक रॉड बदलले, लोअर आर्मही नवे टाकले, तरी खराब रस्त्यावर गाडी घातली की पुढून येणारा ‘खट् खट्’ आवाज जसाच्या तसा. हा अनुभव खूप जणांच्या वाट्याला येतो. बदललेले भाग खरंच बाद होते का, हे बहुतेक वेळा कुणी तपासलेलंच नसतं. आवाज सस्पेन्शनचा आहे एवढ्यावर एकेक भाग बदलत जायचं आणि कधीतरी तो थांबेल म्हणून वाट पाहायची, ही पद्धत खर्चिक आहे आणि धोक्याचीही. कारण त्या आवाजामागे कधी थोडा ढिला राहिलेला एखादा नट असतो, तर कधी निखळायला आलेला बॉल जॉइंट. कानाला दोन्ही सारखेच वाटतात.

म्हणून ‘कुठला भाग गेला असेल?’ हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवावा. त्याआधी विचारायचा प्रश्न असा: आवाज येतो त्या क्षणी कुठल्या सांध्यावरचा दाब उलटला?

खट् होतं तेव्हा नेमकं काय होतं

सस्पेन्शनमध्ये दोन प्रकारचे सांधे असतात. एकात धातूचा गोळा खोबणीत घट्ट बसवलेला असतो, तो बॉल जॉइंट. दुसऱ्यात धातूच्या दोन नळ्यांच्या मध्ये रबर असतं, तो बुश. नवेपणी दोन्हींत मोकळी जागा अजिबात नसते. गोळा झिजला, रबर फाटलं की ती तयार होते. मेकॅनिक तिला ‘प्ले’ म्हणतात. एक मिलिमीटरपेक्षा कमी प्लेसुद्धा केबिनमध्ये स्पष्ट ऐकू येईल असा आवाज काढू शकतो.

पण नुसत्या प्लेमुळे आवाज येत नाही. कडी सैल झालेला दरवाजा वारा एकाच बाजूने दाबून धरतो तोवर गप्प असतो. वाऱ्याची दिशा बदलली की खट्कन आपटतो. झिजलेल्या सांध्याचंही तसंच आहे. त्यावरचा दाब सतत एकाच दिशेने असेल तर तो कितीही झिजलेला असला तरी शांत बसतो. दाब उलटला की धातू ती मोकळी जागा ओलांडून समोरच्या भिंतीवर आपटतो, आणि आपल्याला ऐकू येतो तो त्या आपटण्याचा आवाज.

‘सरळ रस्त्यावर काहीच नाही, पण छोट्या खड्ड्यांवर खडखड’, ‘ब्रेक सोडला की एकदाच टक्’, ‘स्टिअरिंग वळवताना टण्’ अशा तक्रारी त्यामुळे फार मोलाच्या असतात. प्रत्येक तक्रार दाब कधी उलटला ते सांगते. ब्रेकमुळे, वळणामुळे, एका चाकाला बसलेल्या धक्क्यामुळे की शॉकअप पूर्ण ताणला गेल्यामुळे, एवढं कळलं की संशयितांची यादी एकदम छोटी होते.

आवाज कुठून येतोय हे मात्र कानाला विचारू नये. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पोलादात पाच ते सहा हजार मीटर. उजव्या चाकाजवळचा ठोका सबफ्रेममधून, म्हणजे सस्पेन्शन ज्याला जोडलेलं असतं त्या खालच्या पोलादी चौकटीतून, डाव्या बाजूला पोहोचायला एक मिलिसेकंदही लागत नाही. शिवाय बॉडीचा पातळ पत्रा वाटेत कुठेही थरथरतो आणि आवाज तिथूनच निघाल्यासारखा भासतो. त्यामुळे ‘डावीकडून येतो’ असं ठामपणे वाटणारा आवाज अनेकदा उजवीकडच्या लिंक रॉडचा निघतो. दोष कधी दिसतो ते कानाने ठरवावं आणि कुठे आहे ते हाताने.

चाकामागे काय काय असतं

आजच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांमधून मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आली. कमी भाग, कमी जागा, कमी खर्च, त्यामुळे ती टिकली.

रचना सोपी आहे. शॉकअप आणि त्याभोवतीची स्प्रिंग मिळून एक उभा खांब होतो. तो वरच्या टोकाला रबरी माउंटिंग आणि बेअरिंगच्या मदतीने बॉडीला जोडलेला असतो, तर खालच्या टोकाला नकलला, म्हणजे ज्यावर चाकाचं हब बसतं त्या ओतीव भागाला. नकलच्या तळाशी बॉल जॉइंट आणि तिथून आत जाणारा लोअर आर्म. आर्म आतल्या टोकाला दोन बुशांवर सबफ्रेमला टांगलेला. स्टिअरिंग रॅकमधून येणारा टाय रॉड नकलला ओढून चाक वळवतो. आणि डावीकडून उजवीकडे जाणारा एक वाकवलेला बार असतो, अँटी-रोल बार. वळणावर गाडी एका अंगाला झुकू नये म्हणून तो स्वतः पीळ खाऊन झुकणं आवरतो. मध्ये दोन रबरी बुशांत पकडलेला आणि दोन्ही टोकांना वीतभर लांबीच्या लिंक रॉडने स्ट्रटला किंवा आर्मला जोडलेला. या लिंक रॉडच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट असतात. एवढे लहान आणि सतत दिशा बदलणाऱ्या दाबाखाली काम करणारे सांधे सस्पेन्शनमध्ये दुसरे नाहीत. खडखडीच्या तक्रारीत त्यांचं नाव सर्वांत आधी घेतलं जातं ते यामुळेच.

काही गाड्यांत दोन आर्मची, म्हणजे डबल विशबोनची रचना असते. तिथे वर आणखी एक आर्म आणि आणखी एक बॉल जॉइंट येतो. तपासताना याचा फार फरक पडतो, त्याबद्दल पुढे.

रस्त्यावरची तपासणी

आधी डिकी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पाने, दाराच्या खणातल्या बाटल्या, डॅशबोर्डचा खण, सगळं. मग बॉनेट उघडून बॅटरी हाताने हलवून पाहा. बॅटरीची पट्टी सैल असेल तर खड्ड्यावर हुबेहूब सस्पेन्शनसारखा ठोका येतो. इंजिनखालचं प्लॅस्टिकचं कव्हर, सायलेन्सरच्या पाइपावरचा पातळ पत्रा आणि पाइपाचे टांगणीचे रबर यांच्यावरही नजर टाका. या पाच मिनिटांच्या कामाने पुढची बरीच शोधाशोध वाचू शकते.

मग मोकळी, सुरक्षित जागा शोधा. काचा खाली, पंखा आणि गाणी बंद. सोबत कुणी असेल तर उत्तम, कारण चालवणाऱ्याने आवाजामागे लक्ष लावणं बरं नव्हे.

पहिली चाचणी मला सगळ्यात उपयोगी वाटते. एक बुटका स्पीड ब्रेकर घ्या. तो आधी सरळ ओलांडा, म्हणजे दोन्ही पुढची चाकं एकाच वेळी वर जातील. मग तोच अशा तऱ्हेने ओलांडा की एकच चाक त्यावर चढेल. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर अँटी-रोल बार नुसता आपल्या बुशांत फिरतो, त्याला पीळ बसत नाही आणि लिंक रॉडवर फारसा दाब येत नाही. एकच चाक वर गेलं तर बार पिळला जातो आणि लिंक रॉड ओढला-ढकलला जातो. एका चाकाला आवाज येतो पण दोन्हींना एकदम येत नाही, असं असेल तर बोट लिंक रॉड आणि बारच्या बुशांकडे जातं. दोन्ही वेळा सारखाच आवाज येत असेल तर शॉकअप, वरचं माउंटिंग, बॉल जॉइंट किंवा आर्मचे बुश यांच्याकडे पाहा.

याला एक पूरक खूण आहे. लांब वळणावर गाडी एकाच अंगाला झुकलेली असताना बार आधीच पिळलेला असतो आणि लिंक रॉड एका दिशेने ताणलेले. सरळ रस्त्यावर छोट्या उंचवट्यांवर खडखडणारी गाडी अशा वळणात तसेच उंचवटे शांतपणे ओलांडत असेल तर लिंक रॉडवरचा संशय पक्का होत जातो. दाब उलटलाच नाही, म्हणून आवाज नाही.

आवाज चाक वर जाताना येतो की खाली उतरताना, हेही नीट ऐका. चाक वर जाताना जड, दबका ‘धप्’ येत असेल तर शॉकअप दमलेला असू शकतो आणि स्ट्रट आतल्या रबरी बंप स्टॉपपर्यंत पोहोचत असावा. स्पीड ब्रेकर उतरल्यावर किंवा खड्ड्यात चाक सुटल्यावर टणक ‘टक्’ येत असेल तर शॉकअपच्या दांड्यावरचा वरचा नट, वरचं माउंटिंग किंवा शॉकअपचे अंतर्गत भाग यांच्याकडे पाहावं लागतं.

ब्रेकची चाचणी चालण्याच्या वेगात होते. पुढे जाऊन ब्रेक, मग रिव्हर्समध्ये मागे जाऊन ब्रेक. पुढे जाताना ब्रेक लावला की चाक गाडीच्या मानाने मागे ढकललं जातं, रिव्हर्समध्ये पुढे. हा मागे-पुढे होणारा दाब प्रामुख्याने लोअर आर्मच्या बुशांना सोसावा लागतो. एल आकाराच्या आर्मला मागच्या बाजूला जो मोठा, मऊ बुश असतो तो बऱ्याचदा याच कामाने फाटतो. पण ब्रेक पॅडसुद्धा कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, कंसात थोडे सैल असले तर असाच ठोका देतात. दोन्हींत फरक करायची एक युक्ती आहे. पुढे जाताना लागोपाठ तीन-चार वेळा ब्रेक लावा आणि सोडा. पॅड एकदा पुढच्या दिशेला सरकले की बहुधा तिथेच बसून राहतात, त्यामुळे आवाज पहिल्याच वेळी येतो आणि रिव्हर्समध्ये ब्रेक लावेपर्यंत परत येत नाही. बुश मात्र दर वेळी ब्रेक लावताना आणि सोडताना बोलतो.

पॅडची आणखी एक खूण आहे. खराब रस्त्यावर हळू जाताना ब्रेकच्या पेडलवर नुसता हलका पाय ठेवा. तेवढ्याने पुढची खडखड थांबली तर दोष पॅड, त्यांच्या पत्र्याच्या क्लिपा किंवा कॅलिपरच्या स्लाइड पिना यांच्यात शोधायचा. सस्पेन्शन उघडण्याआधी हे पाहून घ्यावंच, इतकं ते सोपं आहे.

गाडी उभी असताना स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत हळू फिरवा. मध्येच स्प्रिंग सुटल्यासारखा ‘टण्’ आवाज आला आणि स्टिअरिंगला झटका जाणवला तर स्ट्रटच्या वरचं बेअरिंग अडकत असेल, किंवा स्प्रिंग तुटलेली वा आपल्या जागेवरून सरकलेली असेल. चाक वळताना स्प्रिंगसुद्धा सोबत फिरली पाहिजे. बेअरिंग अडकलं की ती पिळत जाते आणि मग एकदम सुटते. याउलट, चालत्या गाडीत पूर्ण वळण घेताना येणारी ‘कट-कट-कट’ अशी, वेगाबरोबर वाढणारी लय ही एक्सलच्या बाहेरच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटची, म्हणजे वळलेल्या चाकालाही फिरवत ठेवणाऱ्या सांध्याची. क्लच सोडताना, गिअर बदलताना किंवा एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडताना येणारा एकच ठोका बहुधा इंजिन माउंटिंगचा किंवा एक्सलच्या आतल्या टोकाच्या जॉइंटचा. हे दोन्ही सस्पेन्शनच्या नावावर खपतात.

आणि हातात जाणवणारा ठोका वेगळा धरा. छोट्या, टोकदार उंचवट्यांवर स्टिअरिंगमध्ये टकटक जाणवत असेल तर टाय रॉड, रॅक किंवा स्टिअरिंगचा मधला दांडा आणि त्याचे जॉइंट यांच्यापासून सुरुवात करावी.

हात कुठे लावायचा

इथपर्यंत येईतो दोन-तीन संशयित उरतात. आता गाडी उचलावी लागते, पण त्याआधी सुरक्षिततेचं पाहू. जमीन सपाट हवी, मागच्या चाकांना पुढून-मागून अडसर हवा, हँडब्रेक ओढलेला हवा, आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग जाता कामा नये. स्टँड लावल्याशिवाय हे काम करूच नका.

चाक हवेत असताना वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. मग नऊ आणि तीनच्या जागी धरून तसंच करा. नऊ-तीनला प्ले असेल आणि बारा-सहाला नसेल तर टाय रॉड एंड किंवा रॅकच्या आतला जॉइंट. बारा-सहाला प्ले असेल तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. या दोघांत निवड करायला सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हब आणि नकल एकमेकांना बांधले जातात. प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा होता. तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा समजा आणि तिथे हात लावून खात्री करा.

बरीचशी तपासणी या टप्प्यावर फसते. गाडी लिफ्टवर चढवली, मेकॅनिकने लिंक रॉड धरून हलवला, तो घट्ट निघाला, आणि ‘लिंक रॉड ठीक आहे’ असा निकाल लागला. पण लिफ्टवर दोन्ही चाकं खाली लोंबकळत असतात. त्या स्थितीत लिंक रॉडच्या जॉइंटचा कोन बदललेला असतो आणि काही गाड्यांत बारच्या ताणाने ते एका बाजूला दाबलेलेही असतात. झिजलेला जॉइंट तेव्हा घट्ट वाटू शकतो. रस्त्यावर तो ज्या स्थितीत काम करतो त्याच स्थितीत तो तपासला पाहिजे, म्हणजे चारही चाकांवर वजन असताना. उतरंडीच्या रॅम्पवर गाडी चढवून किंवा गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर उभी करून, खालून लिंक रॉड मुठीत धरून जोरात हलवा. किंवा एका हाताची बोटं जॉइंटवर ठेवा आणि सोबत्याला गाडीचा तो कोपरा खाली-वर दाबायला सांगा. झिजलेल्या जॉइंटमधला ठोका बोटांना इतका स्पष्ट लागतो की शंका उरत नाही.

बॉल जॉइंटचं गणित याच्या पुढचं आहे. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये गाडीचं वजन स्प्रिंगमधून थेट नकलवर येतं. खालच्या बॉल जॉइंटवर वजन नसतं. त्यामुळे चाक लोंबकळत असतानाही त्याचा प्ले सापडतो. ज्या डबल विशबोन रचनेत स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकते, तिथे मात्र वजन त्या खालच्या बॉल जॉइंटमधूनच जातं. अशी गाडी चेसिसखाली जॅक लावून उचलली तर स्प्रिंग आर्मला खाली रेटून ठेवते, जॉइंट ताणलेला राहतो आणि प्ले लपून जातो. तिथे जॅक खालच्या आर्मच्या तळाशी, चाकाच्या जितका जवळ लावता येईल तितका लावायचा, म्हणजे जॉइंटवरचा ताण सुटतो. मग चाकाखाली लांब टॉमी, म्हणजे पहारीसारखा लोखंडी दांडा, घालून वर उचललं की खरा प्ले दिसतो.

आर्मचे बुश डोळ्यांनी पाहताना रबरावरच्या बारीक भेगांना घाबरू नका. वरवरच्या भेगा जुन्या रबरावर येतातच. रबर धातूपासून सुटलंय का, आरपार फाटलंय का, हे पाहायचं. आर्म आणि सबफ्रेम यांच्यात टॉमी घालून हलकेच ढकला. चांगला बुश लवचिकपणे विरोध करतो आणि सोडल्यावर परत येतो. फाटलेला बुश सहज सरकतो आणि शेवटी धातूला धातू लागल्याचं कळतं. फार जोर लावू नका, मऊ बुश चांगला असूनही हलताना दिसेल.

वरच्या माउंटिंगसाठी बॉनेट उघडून स्ट्रटच्या टोकावरची टोपी काढा आणि सोबत्याला स्टिअरिंग वळवायला सांगा. दांड्यावरचा नट आणि भोवतालचं रबर यांच्या हालचालीकडे पाहा, हात स्प्रिंगच्या वरच्या भागावर अलगद ठेवा. झटका असेल तर तो तिथे लागतो. रॅकसाठी असंच: चाकं जमिनीवर, इंजिन चालू, सोबती स्टिअरिंग थोडंसं डावी-उजवीकडे झुलवतोय आणि तुमची बोटं टाय रॉडच्या टोकावर, मग रॅकच्या रबरी बुटावर, म्हणजे आवरणावर. रॅकला आवाज असेल तर काही जण त्याचा अ‍ॅडजस्टर आवळून देतात. हा उपाय विचार न करता करू नये. प्रमाणाबाहेर आवळला तर स्टिअरिंग जड होतं आणि वळणानंतर आपसूक सरळ येत नाही.

धातू स्वतः ठेवतो त्या खुणा

या कामात मला जवळून पाहण्याची सवय सगळ्यात महत्त्वाची वाटते. चांगला टॉर्च घ्या आणि प्रत्येक सांध्याजवळ थांबा. वर्षानुवर्षं धुळीत राहिलेला सबफ्रेमचा बोल्ट सगळीकडून सारखाच मळकट असायला हवा. त्याच्या वॉशरभोवती चकचकीत, घासल्यासारखी गोल रेघ दिसत असेल तर तिथे काहीतरी हलतंय. गंजाची बारीक तांबूस पूड एखाद्या फटीतून ओघळून खाली ओघळ पडला असेल तर आतले दोन धातू एकमेकांवर घासतायत. लिंक रॉडचा रबरी बूट फाटला असेल, आतलं ग्रीस धुऊन गेलं असेल आणि त्या जागी गंजलेल्या पाण्याचा डाग असेल, तर जॉइंट आज घट्ट वाटला तरी त्याचे दिवस भरत आलेत.

शॉकअपच्या अंगावर तेलाचा पुसट थर दिसतो, त्याने लगेच दोष धरू नये. दांडा बाहेर येताना किंचित तेल घेऊन येतोच. खालपर्यंत ओघळ आलेला, त्यावर धुळीचा जाड चिखल झालेला, ही गळती. उलट, बाहेरून कोरडा दिसणारा शॉकअपही आतल्या झिजलेल्या व्हॉल्व्हमुळे ठोका देऊ शकतो. याला हाताने पकडणं अवघड असतं. बाकीचे सांधे एकेक करून निर्दोष ठरले की मग शॉकअपवर निकाल द्यावा, आधी नाही. बॉनेटचा कोपरा दाबून गाडी किती वेळा झुलते ते पाहायची जुनी पद्धत अगदीच संपलेला शॉकअप दाखवते. ठोक्याच्या शोधात तिचा उपयोग तोकडा आहे.

नट-बोल्टवर संशय असेल तर रंगाच्या पेनने नटावरून बोल्टवर आणि तिथून खालच्या पत्र्यावर एक सरळ रेघ ओढा. काही दिवस गाडी चालवून परत पाहा. रेघ तुटली असेल तर काय हललं ते समोर असतं.

गॅरेजमध्ये एक साधन असतं, छोटे मायक्रोफोन चिमट्यांनी वेगवेगळ्या भागांवर लावायचे आणि चालत्या गाडीत एकेकाचा आवाज हेडफोनवर ऐकायचा. ज्या आवाजाने सगळ्यांना चकवलंय तिथे हे साधन फार कामाचं. ते नसेल तर भाग तात्पुरता सोडवून पाहणं हा प्रामाणिक मार्ग आहे. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड सोडवून, कुठेही लागणार नाहीत असे बांधून, त्याच रस्त्यावर अगदी हळू एक फेरी मारली आणि आवाज गेला, तर तो लिंक रॉडचा किंवा बारच्या बुशांचा होता याबद्दल वाद नाही. बार सुटलेला असताना गाडी वळणावर जास्त झुकते, त्यामुळे ही फेरी छोटी आणि मोकळ्या जागेतच असावी. बॉल जॉइंट, टाय रॉड यांच्या बाबतीत असला प्रयोग अर्थातच करता येत नाही.

काम झाल्यानंतर सुरू झालेला आवाज

ही वेगळीच जात आहे. क्लच, शॉकअप, ब्रेक असं कुठलंही काम झालं आणि त्यानंतर आवाज सुरू झाला तर झिजेचा विचार नंतर करा. आधी जे जे उघडलं होतं ते पाहा. स्ट्रटच्या दांड्यावरचा नट नीट न आवळला जाणं हे नेहमीचं कारण आहे. तो दांडा फिरतो, त्यामुळे इम्पॅक्ट गनने आवळताना घट्ट झाल्याचा भास होतो. स्प्रिंगचं खालचं टोक तिच्या बैठकीतल्या पायरीला टेकलेलं नसणं हे दुसरं. क्लचच्या कामासाठी सबफ्रेम उतरवली असेल तर तिचे बोल्ट हे तिसरं. ते जराही ढिले राहिले तर ब्रेकला आणि वळणाला धप्पकन आवाज येतो. शॉकअप नवे घातले पण जुनी माउंटिंग तशीच वापरली, असंही होतं. दोन्ही एकाच वेळी उघडले जातात, तेव्हा माउंटिंग आणि बेअरिंगची अवस्था पाहून ते त्याच वेळी बदलणं शहाणपणाचं.

लोअर आर्मच्या बुशांबद्दल एक गोष्ट प्रत्येक गाडीमालकाने लक्षात ठेवावी. बहुतेक बुशांचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. आर्म हलतो तेव्हा ते घसरत नाही, पिळलं जातं. आर्म लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला तर रबराची ‘सरळ’ स्थिती तिथे ठरते. मग गाडी जमिनीवर उतरली की ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकांवर वजन आल्यावर, आणि कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या ठरावीक जोराला. नवे बुश काही महिन्यांतच गेले की लोक पार्टला दोष देतात. त्याआधी बोल्ट कुठल्या स्थितीत आवळले होते हे विचारावं.

कशाची दुरुस्ती लांबणीवर टाकू नये

लिंक रॉडचा किंवा बारच्या बुशाचा आवाज त्रासदायक असतो, पण तो लगेच गाडी थांबवायला लावत नाही; सोयीने पण लवकर बदलावा. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड यांना मात्र हा हिशेब लागू नाही. बॉल जॉइंट निखळला तर चाक कलतं आणि गाडी तिथेच बसते. टाय रॉड निखळला तर त्या चाकावर स्टिअरिंगचा ताबा राहत नाही. हाताला जाणवेल एवढा प्ले यांच्यात सापडला तर गाडी पुढे न चालवता दुरुस्त करून घ्या. तुटलेली स्प्रिंगही याच रांगेत, कारण तिचं टोक टायरला लागू शकतं. सबफ्रेमचा सैल बोल्टही तसाच. स्टिअरिंग अचानक एका बाजूला ओढू लागलं, किंवा आवाजाचा पोत एकाएकी बदलला, तर पुढचा प्रवास टाळा.

बदलताना शॉकअप आणि स्प्रिंग जोडीनेच बदलतात, कारण एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा दमलेला असेल तर गाडीचं वागणं दोन्हीकडे वेगळं होतं. लिंक रॉडही बहुधा जोडीने, कारण दोघांनी सारखाच रस्ता सोसलेला असतो. ज्या जागी एकदाच वापरायचे सेल्फ-लॉकिंग नट दिलेले असतात तिथे जुने परत लावू नयेत. स्ट्रट, आर्म, टाय रॉड यांपैकी काहीही उघडलं असेल तर अलाइनमेंट करून घ्यावं. लिंक रॉडसाठी त्याची गरज नसते.

शक्य असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, त्याच स्पीड ब्रेकरवर गाडी नेऊन ऐका. मेकॅनिककडे जाताना ‘पुढून आवाज येतो’ एवढंच सांगू नका. ‘एकच चाक उंचवट्यावर गेलं की येतो, दोन्हींना नाही, ब्रेकचा संबंध नाही’ असं सांगा आणि त्यांना सोबत घेऊन तो आवाज काढून दाखवा. जुन्या गाडीत असंही होतं की मोठा ठोका गेल्यावर त्याच्याखाली इतके दिवस दबलेला दुसरा, बारीक आवाज ऐकू येऊ लागतो. त्याने झालेलं काम वाया गेलं असं समजू नका. तो कधी येतो, कुठल्या रस्त्यावर, ब्रेकला की वळणाला, हे वेगळं टिपून ठेवा आणि त्याची तपासणी नव्याने सुरू करा.